पट्टा पडेपर्यंत

शिरूर कासार,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. शहादेव यास मंगलअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही, लागला तर तू बोलत नाहीस. म्हणून ट्रॅक्टरवाल्या सुंदररावांच्या हाती ही चिठ्ठी. तुझी राजनंदिनी बरी आहे. थंडी लई पडली, म्हणून दीपमालाचा लग्नातला शालू पेटीतून काढून गोधडीत शिवला आणि पोरीला पांघरायला दिला.

दुसरीत आली तरी 'न्हाई', 'हाय', 'तुजं' असंच लिहिते. मी शाळेतली बाई, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! मी दुरुस्त करते, ती पुसून पुन्हा आपलंच लिहिते. काल रागे भरले, तर म्हणाली, आईला पुस्तकातलं कळत न्हाई. ती आईला पत्रं लिहिते रे. वाचताना दीपमालाच चुलीपाशी बसून बोलतेय असं वाटलं.

दीपमाला गेली, अग्नीही तिकडंच दिला. आणि आपण पोरीला सांगून बसलो, आई कारखान्याला आहे, ऊस संपून पट्टा पडला की येईल. दरसाल हेच सांगतो, तेच तोंडातून निघालं. आता हंगाम संपत आला. तिला खरं कोण सांगणार? तिचं एक पत्र सोबत देते.

जिवाला जप. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

मंगलअक्का


ऊसतोडीच्या तळावरून,
ता. ९ फेब्रुवारी

ती. अक्कास शहादेवचा शि. सा. नमस्कार.

नंदीचं पत्र टोळीतल्या आप्पानं पाचटाच्या कोपीम्होरं मोठ्यानं वाचलं. आई जेवलीस का, पायात काटा भरला तर बाला काडाया सांग, आसं लिवलंय. बाया घास हातातच धरून बसल्या. छबुबाई म्हनली, ही तर दीपमालाच बोलायली. तवापासून कोपीत झोपाया भ्या वाटतंय, आन दुसरीकडं झोप लागत न्हाई. तिचा कोयता कुडाला खोचल्याला तसाच हाय.

पोरीचं लिवनं दुरुस्त करू नको, तुज्या पाया पडतो. तेवडाच दीपमालाचा आवाज ऱ्हायलाय. पट्टा पडला की येतो, मीच सांगतो. कसं सांगू, ते मातर तू सांग.

माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

शहादेव


शिरूर कासार,
ता. १६ फेब्रुवारी

चि. शहादेव यास आशीर्वाद.

काही सांगू नकोस, नुसता ये. शालूची रीत माझ्या ध्यानातच आली नाही. पोरीच्या उशाखाली हे मिळालं. एक अक्षर बदललेलं नाही.

अक्का


आई,

आत्यानं तुजा लग्नातला शालू गोधडीत शिवला. जित्या बाईचा शिवत न्हाईत, आसं कडूबाई आजी म्हनली. मंजी तू मेलीस. आत्याला सांगू नको, ती रडती. बाला बी सांगू नको. तेला वाटतंय मला ठाव न्हाई. तो आला की मी तुजं कायबी इचारनार न्हाई.

पट्टा पडंपतूर तू तितंच ऱ्हा. बाला येकट्याला आंदाराचं भ्या वाटतं.

तुजी नंदी