बडग्याच्या अक्षरातली पत्रिका

महाल, नागपूर
११ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास, प्रेमिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की तुझे बाबा दाराआड कान लावतात, म्हणून हे पत्र. मारबतीच्या मिरवणुकीत आपल्या गल्लीचा बडग्याचा पुतळा निघतो, गावाची ईडा-पीडा घेऊन शेवटी जळायला. त्याच्या गळ्यातली पाटी तुझा बाप, आपला रुपरावदादा, खराट्याच्या काड्यांनी रंगवतो. जाड, दातेरी, पोरांना हसवणारी अन् कुत्र्यांना भुंकवणारी ती अक्षरं तू पुण्यात बसून फॉन्टात उतरवलीस, याचं कौतुकच आहे. पण पोरी, तो फॉन्ट बापाला कशाला पाठवलास? मार्गशीर्षातल्या तुझ्या लग्नाची पत्रिका त्याने श्रावणातच छापून आणली, त्याच फॉन्टात, काळ्याकुट्ट शाईत! गणपतीच्या नावाला सुळे फुटलेत. निमंत्रण वाचताना धमकी आल्यासारखं वाटतं.

पहिली पत्रिका खापरखेड्याला तुझ्या आजेसासूकडे गेली. रुख्माबाईंनी कुंकवाचं बोट मागे घेतलं. म्हणाल्या, हे काहून असं वं, लग्नाचं बोलावणं आहे का तेरवीचं? याले मी कुंकू लावत नाही, अन् त्याबिगर लग्न होऊ देत नाही! तुझा सुमंत तोंड पाडून बसलाय. काहीतरी सुचव.

तब्येतीला जपणे.
प्रेमिला

पुणे
१५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. आत्या, मला सुमंतच पाहिजे वं! मी गोल, गुळगुळीत अक्षरांत नवी पत्रिका करून पाठवली, तर बाबा विचारतात, ही अक्षरं आहेत का साबुदाणे? मला सुट्टी नाही. तूच आजींना भेट अन् त्यांना नेमकं काय हवं ते विचार.

तुझ्या भरवशावर बसलेली,
अपेक्षा

महाल, नागपूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास, अनेक आशीर्वाद.

रुख्माबाईंचं म्हणणं साधं निघालं. अमंगळ अक्षरं अमंगळाच्या वाटेने जाऊ द्या, बडग्यासोबत जाळा, नवीन छापा, मी कुंकू लावते. दादाने लगेच गठ्ठे उचलले. मला वाटलं, शहाणा झाला.

काल पाहते तर त्याने साऱ्या पत्रिका बडग्याच्या अंगावर चिकटवलेल्या, छापील बाजू बाहेर! खराट्याची अक्षरं ती, पार गच्चीवरून वाचता येत होती. इतवारीतली सारी गर्दी ईडा-पीडा घेऊन जा म्हणून ओरडून राहिली होती, अन् मधूनच तुझ्या लग्नाची तारीख वाचून राहिली होती.

रुख्माबाई जळण्याची खात्री करायला आलेल्या. शेजारच्या बाईने विचारलं, कोणाचं लग्न आहे वं माय? त्यांनी तोंड फिरवलं. दुसरीने विचारलं, पोरगा बरा आहे का? तिथे मात्र त्यांच्याने राहवेना. बरा काहून, माझा नातू आहे, हिऱ्यासारखा! मग बडग्या पेटेपर्यंत त्या चौकात उभ्या राहून दिसेल त्याले सांगत होत्या, सारे येजा बरं, लेकराबाळासकट! पत्रिका जळून गेल्या तरी बाई थांबेनात.

आता कार्यालय पुरणार नाही. दादा अन् सुमंत मैदान शोधून राहिले आहेत. सारं नागपूर बोलावून झालंय, फक्त नवरी राहिली. तर हेच निमंत्रण समजून अगत्याने येणे.

तुझी,
प्रेमिला आत्या