वर्षातून एकदा पिणारी बाई

आये,

आज सकाळी बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचं सिद्ध करून आले. निवृत्त मास्तरणीला हे दर वर्षी करावं लागतं, नाहीतर पेन्शन बंद. काउंटरवरच्या मुलीने एका छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. ठेवला. यंत्राला पटला नाही. पुसून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला, मुलीने माझं बोट धरून दाबलं, तरी पटेना. "आजी, सिस्टीम तुम्हाला घेत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं मी तुझ्यासमोर उभी आहे, तुझ्याशी भांडते आहे, मेलेली बाई भांडते का? ती बिचारी हसली. "वरून तसंच आलंय हो आजी." शेवटी मॅनेजरने माझा चेहरा फोनमध्ये घेतला, डोळे मिचकावायला लावले, आणि मी जिवंत ठरले. ऐंशी वर्षांची बाई भर बँकेत सरकारसाठी डोळे मिचकावते आहे. मला शिसारी आली. घरी येऊन चहासुद्धा गोड लागेना, तेव्हा हे लिहायला बसले.

"वरून आलंय" हे मी पहिल्यांदा ऐकलं ते तुझ्या पदराला धरून. तू शिवडीच्या कोळीवाड्यातून पाटी घेऊन परळ-लालबागच्या चाळींत मासे विकायचीस. बा गेल्यावर होडी तुझ्या नावावर आली आणि मामा ती चालवायचा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात उतरायच्या आधी तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फुटायचा, हळदकुंकू लागायचं आणि दारूचे चार थेंब पडायचे. बा ते करायचा, त्याचा बाप करायचा. तू स्वतः कधी थेंब तोंडाला लावला नाहीस. वास आला तरी नाक मुरडायचीस. पण तो मान होता, देवाचा आणि दर्याचा, आणि मानाच्या बाबतीत तुझ्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

मग सरकारने दारूबंदी आणली. वाड्यातल्या बाकीच्यांनी त्यावर आपापले उपाय शोधले. खाडीच्या चिखलात, तिवरांच्या आड डबे पुरलेले असायचे. कुठल्या हवालदाराचा वाटा कुठल्या भट्टीत आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पूर्वी कुणी पिऊन बायकोला मारलं तर गावकी बसायची, त्याला सगळ्यांदेखत उभं करायची, आणि तो महिनाभर मान वर करून चालायचा नाही. कायदा आला आणि गावकीने हात झटकले. आता पोलीस बघतील म्हणाले. पोलीस बघायचे ते आपल्या खिशाकडे. शेजारची काकी मात्र बंदी आली तेव्हा देवापुढे साखर ठेवून आली होती, कारण तिचा नवरा पिऊन तिला तुडवायचा. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्याच नवऱ्याने तिवरातली हातभट्टी पिऊन डोळे घालवले, आणि काकीला त्याला हाताला धरून मोरीवर न्यावं लागायचं. कायद्याने तिला एवढंच दिलं.

तू हातभट्टीची घेणार नव्हतीस. "दर्याला चोरीचा माल न्हाय चालत," म्हणालीस, आणि मला घेऊन परमिटाच्या कचेरीत गेलीस. मी बारा वर्षांची, वाड्यातली लिहितावाचता येणारी एकुलती एक पोर. तिथल्या कारकुनाने तुझ्याकडे वर बघितलंही नाही.

"कोणासाठी पाहिजे?"

"होरीसाठी."

तेव्हा त्याने वर बघितलं. "होडी पिते?"

"मी न्हाय पीत, साहेब. होरीला मान द्याचाय. वरसातून एकदा."

सगळी कचेरी हसली. मग तो म्हणाला, देवाच्या नावाने परमिट निघत नाही, होडीच्या नावाने निघत नाही. ज्याला दारूवाचून राहवत नाही अशा व्यसनी माणसाच्या नावाने निघतं, डॉक्टरच्या दाखल्यासकट. "वरून तसंच आलंय, बाई." तू तिथल्या बाकावर बसलीस, मला शेजारी बसवलंस. मग मला म्हणालीस, "लिव. सरकारला व्यसनी पायजे, तं व्यसनी लिव." मी लिहिलं. शाळेच्या पाटीवरच्या माझ्या गोल गोल अक्षरात मी लिहिलं की माझी आई दारूची व्यसनी आहे, आणि त्याखाली तू अंगठा उठवलास. डॉक्टरने तुझी जीभसुद्धा न बघता दाखला दिला. या शहरात भट्टीवाला मोकळा फिरत होता, आणि दारूला न शिवणारी एक बाई सरकारी दप्तरात बेवडी म्हणून नोंदली गेली होती. मी पुढे चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आये, आणि राज्य म्हणजे काय या धड्याशी आले की दर वर्षी मला तो बाक आठवायचा.

तेच दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सगळं परळ पेटलेलं होतं. तुलाही मुंबईसह महाराष्ट्र हवा होता. मोर्चाला जाणाऱ्या पोरांना तू पाटीतले बोंबील फुकट वाटले आहेस. गोळीबार झाला त्या दिवशी संचारबंदी लागली आणि तू एका चाळीत अडकलीस. रात्रभर तिथल्या बायकांनी तुला निजायला जागा दिली, आणि सकाळी तू वास मारायला लागलेले मासे गटारात ओतून रिकामी घरी आलीस. त्या चाळीतला एक पोरगा परत आला नव्हता. तू दोन दिवस जेवली नाहीस. मोर्चाचे पुढारी वाड्यात आले, ओट्यावर उभे राहून म्हणाले, आपलं राज्य येऊ द्या, मग साहेब तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. आणि घरी येताना म्हणालीस, "मराठीन बोलंल, पन डोकावंल माजेच मडक्यान."

तुझं राजकारण एवढंच होतं. सरकारने बंदरावरचा दिवा लावावा, चोर पकडावा, नळाला पाणी सोडावं आणि आपल्या घरी जावं. माणसाने काय खावं, काय प्यावं, देवाला काय वाहावं हे वाडवडलांनी ठरवलेलं आहे. त्यात काही चुकत असेल तर ते गावकीने आणि घरच्यांनी निस्तरायचं. तरुणपणी मला हे मागासलेलं वाटायचं. कॉलेजातल्या मुली पुरोगामी होत्या, मीही झाले. आता दर चार दिवसांनी नवा नियम, नवा फॉर्म, नवा दंड, आणि प्रत्येक पक्ष सत्तेबाहेर असताना ओरडतो तेच सत्तेत आल्यावर दुप्पट करतो. रात्रीच्या बातम्यांत ती सगळी तोंडं एकामागून एक बघितली की मला ओकारी येते, आणि तुझं ते मडक्याचं वाक्य आठवतं.

राज्य आलं. वाड्यात दिवे लागले, तू दारात रांगोळी काढलीस. आणि त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेला साहेब आला. अगदी आपला माणूस, शुद्ध मराठी, "बाई, जरा तसदी देतो" म्हणणारा. त्याच्या वहीत त्याला एक गंमत सापडली होती: शिवडीच्या एका व्यसनी बाईला महिन्याला बाटली मंजूर आहे, आणि ती वर्षातून एकदाच घेऊन जाते, तीही श्रावणात. वर्षातून एकदा पिणारा व्यसनी त्याने आजवर पाहिला नव्हता. तू जरीचं लुगडं नेसून, केसांत वेणी माळून होडीपाशी उभी होतीस. मामाच्या हातात नारळ. वाजंत्री थांबली. साहेबाने नाळेजवळची बाटली उचलली, उजेडात धरली, आणि तुला म्हणाला, "परमिट पिण्याचं आहे. ओतण्याचं नाही. तुम्ही पिता ना?"

तू नाळेवर हात ठेवलास. हो म्हणावं तर सगळा वाडा ऐकतोय, समोर देव आहे. नाही म्हणावं तर कागद खोटा ठरतो. मग तो माझ्याकडे वळला. मी सोळा वर्षांची, दोन वेण्या, पायात चपला. शिकलेली दिसले असणार. "बाळ, तू सांग. तुझी आई दारू पिते?"

मी म्हणाले, "नाही. माझी आई दारूला शिवत नाही."

गर्दीतली एक बाई मोठ्याने "अगो बाय!" म्हणाली, तेव्हा मला कळलं की काय झालं. साहेबाने लगेच लिहून घेतलं. खोटं निवेदन, सरकारची फसवणूक, परमिटाचा गैरवापर. शब्द मराठी, अगदी स्वच्छ. तुला तुझ्या जरीच्या लुगड्यात चौकीवर नेलं. अर्ज कुणी लिहिला म्हणून विचारलं तेव्हा तू सांगितलंस, कचेरीबाहेर बसणाऱ्या माणसाने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं, पुढे कित्येक तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात, मासे नाहीत, पाटी नाही. अखेर मॅजिस्ट्रेटने समज देऊन सोडलं, परमिट कायमचं रद्द. कोर्टातून बाहेर येताना मी तुला विचारलं, बरं वाटतंय ना? तू म्हणालीस, पाय दुखतात.

होडी त्या दिवसापासून चिखलातच होती. मामा किती वेळा सांगून थकला, नुसता नारळ फोड, दूध वाहा, देव समजून घेईल. हातभट्टीची आणून देतो म्हणाला, तेव्हा तू त्याच्या अंगावर धावलीस. "सरकारला फसवला, त्याचा मना काय नाय. देवाला न्हाय फसवाचा." तो हंगाम गेला. उन्हाने फळ्या उकलल्या, शिवण सुटली. पुढच्या साली माहीमच्या कुणीतरी ती मोडीत नेली, आणि मामा गोदीत हमालीला लागला. तू दुसऱ्यांच्या होड्यांवरून मासे विकत घेऊन पाटी भरायला लागलीस, आणि भाव करताना तुझा आवाज पहिल्यासारखा चढेनासा झाला. घाऊक मासे घेणाऱ्या चार बायका पुढे आणि तू मागे उभी, हे मी पाहिलं आहे. स्वतःच्या होडीची मालकीण होतीस तू.

मला तू एका शब्दाने बोलली नाहीस. उलट ज्याला त्याला सांगायचीस, "माजी पोर खोटा न्हाय बोलत. पोलिसासमोर पन न्हाय." मी ट्रेनिंग कॉलेजला गेले तेव्हा सांगितलंस, मला महापालिकेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा सांगितलंस, माझ्या लग्नात माझ्या सासूला सांगितलंस. शेवटच्या आजारात परळच्या इस्पितळात नर्सला सांगितलंस. आणि मीही, आये, मी वर्गात ही गोष्ट सांगायचे. नाव न घेता. एक कोळ्याची मुलगी होती, तिच्या तोंडून खोटं निघालं नाही, म्हणून. मुलं टाळ्या वाजवायची.

पण ते 'नाही' माझ्या तोंडातून नकळत निघून गेलेलं नव्हतं. त्या श्रावणात ट्रेनिंग कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा माझा फॉर्म गेलेला होता. त्यात एक रकाना होता: घरात कोणी मद्याचे व्यसनी आहे काय. मी लिहिलं होतं, नाही; हो लिहिलं तर शिष्यवृत्ती मिळणार नव्हती. तुला तो फॉर्म वाचून दाखवताना तेवढा रकाना मी गाळला होता. साहेबाने बाटली हातात धरून मला विचारलं तेव्हा मला सगळं दिसत होतं. हो म्हटलं तर तू सुटशील आणि माझा फॉर्म खोटा पडेल, नाही म्हटलं तर उलट. तुझा अर्ज मीच लिहिला होता, मला कळत नव्हतं असं कसं होईल? मी विचार केला. फार वेळ नाही लागला.

सरकारची मला किळस येते, येणारच, ती खरी आहे. पण त्या दिवशी सरकारकडे दोन कागद होते, तुझा अर्ज आणि माझा फॉर्म, आणि त्यातला कुठला खोटा ठरू द्यायचा हे त्याने ठरवलं नाही. ते मी ठरवलं. तू इस्पितळात नर्सला सांगत होतीस तेव्हा मी तुझ्या पायथ्याशी बसले होते, आये, आणि तुझी चादर नीट करत होते.