तिसऱ्या फटीतली लोकर

६ सप्टेंबर
आज मी बोटीची मालकीण झाले! बेटावरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होऊन उणेपुरे दहा दिवस, वल्हं कुठल्या टोकाला धरतात ते ठाऊक नाही, आणि नावावर आठ मीटरची मोटरबोट. जिच्याकडून घेतली त्या ओर्फेलिनाबाईंच्या अंगणात ती सहा वर्षं पडून होती, आज बैलांनी ओढून माझ्या घराखाली किनाऱ्यावर आणली. अंगणात असताना आत कोंबड्या अंडी घालत होत्या. नाव ‘ला पोर्फियादा’, म्हणजे हट्टी. माझी आई म्हणेल, जोडी छान जमली.

हा नुसता हौसेचा मामला नाही. शाळा समोरच्या बेटावर आहे. बोट असेल तरच माझ्या लेकीला, यानिराला, इथे आणता येईल. नऊ वर्षांची पोर दीड वर्ष झालं पोर्तो मोंट शहरात आजीकडे राहतेय. ५ ऑक्टोबरला मोठं उधाण आहे, तेव्हाच बोट पाण्यात ढकलता येईल. त्याच दुपारच्या लाँचने ती येणार. मी विणून पाठवलेला लाल स्वेटर ती अंगावरून उतरवत नाही म्हणे.

११ सप्टेंबर
एलिएसेर मिस्त्री रोज येतात. सत्तरी उलटलेली, अख्ख्या बेटाच्या होड्या त्यांच्या हातच्या. माझं काम पाहून म्हणाले, “नर्सबाई, रंग खरवडायचाय, पेशंटला गुदगुल्या नाही करायच्या.” पिवळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा. इंजिन गंजून घट्ट बसलं होतं. चार दिवस डिझेल मुरवलं आणि आज ते खोकून सुरू झालं. बाळ रडल्यावर सुईणीला होतो तसा आनंद झाला. मिस्त्रींना चक्क मिठीच मारली. ते लाजले आणि माते नावाचा इथला कडू चहा पिण्याच्या निमित्ताने पळाले.

१५ सप्टेंबर
दिवसभर फळ्यांच्या फटींतला जुना काथ्या उपसला. पाणी शिरू नये म्हणून इथे आलेर्से झाडाच्या सालीचा काथ्या ठोकतात, वरून डांबर. जुना निघालेला छान जळतो म्हणून सगळे तो चुलीत घालतात, मीही घातला. उजव्या अंगाला, सुकाणूजवळच्या बसायच्या फळीला लागून, वरून तिसऱ्या फटीत मात्र साल नव्हती. निळी लोकर होती, मूठभर, गच्च ठोकलेली. तीही चुलीत गेली. त्या आचेवर भाजलेला मिलकाओ, म्हणजे बटाट्याचा रोट, मात्र खारट लागला. बटाट्यात मीठ दोनदा पडलं असावं. घरात ओल्या स्वेटरचा वास भरलाय, खिडक्या उघड्या टाकल्या आहेत.

१६ सप्टेंबर
मिस्त्रींनी रिकामी फट पाहिली आणि निळी लोकर कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली.

मग कळलं. ओर्फेलिनाबाईंचा नवरा रेमिखियो बुडाला, देह मिळाला नाही. अशा माणसाच्या अंगावरच्या कपड्याची लोकर इथे त्याच्याच बोटीत ठोकतात. आपली जागा आहे म्हणून तो स्वस्थ बसतो. मला कुणी सांगितलं का नाही? मिस्त्री म्हणाले, “चुलीत हात घालू नये, हे कुणी सांगतं का, बाई?”

मी नर्स आहे. मेलेली माणसं पाहिली आहेत, ती कुठेही बसत नाहीत. पण बाईंचं दुःख मी चुलीत घातलं, याची लाज वाटते.

२२ सप्टेंबर
तिसरी फट तीनदा ठोकली. तीनदा सकाळी काथ्या खाली जमिनीवर, ओला. बाकीच्या फटी कोरड्या ठणठणीत. बोट समुद्रापासून साठ पावलांवर आहे आणि पाऊस नाही. चाटून पाहिलं. खारट.

मिस्त्री म्हणतात, लाकूड आहे, हट्ट करतं. पण बोलताना माझ्याकडे बघत नाहीत.

२७ सप्टेंबर
ओर्फेलिनाबाईंकडे गेले. माफी मागितली, रेमिखियोचं दुसरं काही कापड मागितलं. नाही. तेवढंच उरलं होतं. लोकरीचं मला मिस्त्री सांगेल असं त्यांना वाटलं, मिस्त्रींना वाटलं त्या सांगतील. त्या रागावल्या नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटली. माझा हात धरून म्हणाल्या, “जागा गेली की त्याला सोबत लागते, पोरी. बोट ज्याच्यासाठी सजवतेस ना, त्याचंच काहीतरी घेईल.”

परत येऊन बोटीत सुकाणूजवळ लावलेला यानिराचा फोटो काढून घेतला.

२ ऑक्टोबर
काथ्या पडला नाही. फट बंद. कोरडी. सुरेख ठोकलेली, माझ्याहून, मिस्त्रींहूनही सुरेख.

लाल लोकर आहे.

आईला फोन केला. यानिराच्या स्वेटरची बाही उसवत चाललीय, खिळ्यात अडकली असेल म्हणे. आणि रोज सकाळी ओली असते. पोरीला खोकला आहे. खोकताना पाणी—

३ ऑक्टोबर
लोखंडी आकड्याने ओढून पाहिलं. निघत नाही. ओढलं की आत कुणीतरी हातोडीने उलट ठोकतं. भर दुपारी. मिस्त्रींनीही ऐकलं. ते गुडघ्यावर बसले.

आईचा फोन. मी ओढत होते तेव्हाच दुसरी बाहीही— पोर तेव्हा ओरडली. पुन्हा ओढायचं नाही.

बोट जाळू का? मिस्त्री म्हणाले, निळं जाळून काय झालं ते पाहिलंत ना. मग हळूच म्हणाले, बदली चालते. पण देणाऱ्याने स्वतःच्या अंगावरचं द्यायचं. जाणूनबुजून.

४ ऑक्टोबर
माझा राखाडी स्वेटर. बाहीचा धागा काढून फटीत ठोकला. स्वतः, पूर्ण शुद्धीवर, मोठ्याने माझं नाव सांगून. नेल्दा बाओमोंदे.

लाल लोकर आपोआप सुटून हातात आली. कोरडी.

आई म्हणते, खोकला थांबला. यानिरा फोनवर हसली, कोंबड्यांची नावं विचारत होती. देवा, ती हसली.

५ ऑक्टोबर
उधाण. बोट आपणहून तरंगतेय, कुणी ढकलली नाही. इंजिन चालू आहे. मी चालू केलेलं नाही.

यानिराची लाँच एक वाजता. मिस्त्री, तिला उतरवून घ्या. या बोटीत बसवू नका. शाळेला तुमच्या होडीने—

राखाडी बाही कोपरापर्यंत उसवली. ओली आहे. धागा दारातून खाली किनाऱ्याकडे ताणलाय. तिकडे कुणीतरी हळूहळू गुंडाळतंय.

बाही खांद्यापर्यंत उसवली. पायही चालायला लागले, मी चालवत नाही.

कात्री हाताशी आहे. पण कापला तर तो पुन्हा लाल—