आधी विभूती पुसायची

अप्पा, आज मैंदर्गीला जाऊन लाकूड कापायचा एक जुना बँडसॉ बघून आले. आपल्याकडे होता तसाच, ओतीव बिडाचा, दोन मोठ्या चाकांवर पात्याचा पट्टा फिरणारा. नवी पेठेतल्या दुकानांना पोळपाट आणि देव्हारे आता मीच करून देते, आणि हल्लीच्या पत्र्याच्या मशीनी जाड सागवान लावलं की थरथरायला लागतात. म्हणून गेले. पण लिहायला बसले ती मशीनसाठी नाही. एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी ती मनातून जात नाही.

मशीन विकणारी बाई सत्तरीची आहे. नवऱ्याचं सुतारकामाचं दुकान होतं, तो गेल्या साली गेला. ‘बर्री, बर्री,’ असं कानडीत या-या म्हणत तिनं दार उघडलं आणि माझ्या पाठीमागं बघितलं. ‘मालक आले न्हाईत?’ म्हटलं, ‘अक्का, मालक मीच हाय.’ तिनं नुसती मान हलवली आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मग मी तुम्ही शिकवलेलं सगळं त्याच क्रमानं केलं. पट्टा उतरवला. चाकं हातानं फिरवून कान लावला, बेअरिंग कुरकुरतंय का ते ऐकलं. टेबलावर पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघितलं. सगळं चोख. राहिलं फक्त वाजवून बघणं. बाजारात माठ वाजवून घेतात तसं बीडही वाजवून घ्यायचं, खणखणलं तर धड, बद्द वाजलं तर आत तडा, असं तुम्ही म्हणायचा. हातोडी पिशवीत होती, तुमचीच. पण वरच्या चाकाकडे बघितलं आणि माझा हात उचलेना. चाकाच्या मधोमध, आसाजवळ, विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते आणि मधे कुंकू. कैक वर्षांचे थर, एकावर एक.

आपल्या मशीनला ते पट्टे ओढायचं काम माझं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तुम्ही सगळी हत्यारं पुसून मांडायचा, मशीनला झेंडूचा हार घालायचा आणि मला हाक मारायचा. मी विभूती पाण्यात कालवून तीन बोटांनी ओढायची. एका वर्षी मी पूजेतच म्हणाले, ‘अप्पा, मशीन लई खडखडतंय की.’ तुम्ही पाहुण्यांसमोर माझ्यावर डोळे वटारले. ‘आजच्या दिवशी हत्याराला नावं ठेवती व्हय गं? आज त्ये देव हाय.’ मी दिवसभर फुगून बसले होते. पुढच्या खंडेनवमीला चाक पुसताना आसाजवळ मला केसाएवढी रेघ दिसली. ती रेघ कसली हे मला कळत होतं, तुम्हीच शिकवलं होतं. मला वाटलं, आत्ता बोलले तर परत बोलणी खाईन. उद्या सांगू. आणि त्या रेघेवरच मी विभूती ओढली.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी मामांबरोबर वळसंगला गेले, तिथं चार दिवस मजेत राहिले. परत येऊन सांगायचं तर एवढ्या दिवसांत का नाही सांगितलं, म्हणून तुम्ही ओरडाल असं वाटलं. असं करत करत आठवडा गेला. मग चाक फुटलं, पट्टा उसळला आणि तुमच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एकच सांगत होतात, ‘चूक माझीच. मीच वाजवून बगितलं न्हाय.’ मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि गप्प होते. त्यानंतर तुम्ही रंधा कधी धरला नाहीत. सहा वर्षं ओसरीवर बसून राहिलात, आणि बसल्या बसल्याच खचत गेलात.

मैंदर्गीत मी त्या बाईला विचारलं, ‘अक्का, हे पुसू का?’ ती म्हणाली, ‘त्यांच्या हातचं हाय त्ये. पर तुमाला बगायचं असंल तर पुसा.’ तिनंच खोबरेल आणि फडकं आणून दिलं. मी पुसत राहिले. थर निघाले, खालचं काळं बीड दिसायला लागलं, कुठंही रेघ नव्हती. पण बिडाच्या बारीक खड्ड्यांत पांढरं तसंच राहिलं. ती म्हणाली, ‘आत गेलेली विभूती निगत न्हाय बाई.’

तेव्हा मला आपल्या घरचा तुकडा आठवला. आपल्या फुटक्या चाकाचा तुकडा तुम्ही ओसरीच्या खिडकीत ठेवला होता. डाव्या हातात धरून बघत बसायचा. त्याची मोडलेली कड पांढरी होती, वरून नव्हे, आतून. तडा आधीचा होता आणि माझी ओली विभूती त्यात झिरपली होती. एवढं तुमच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही ही हातोडी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘आधी विभूती पुसायची, मग वाजवायचं.’ मला वाटलं, म्हातारं माणूस काहीतरी शिकवतंय. अप्पा, तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही सगळ्या गावासमोर चूक स्वतःच्या अंगावर घेत राहिलात.

मी चाक वाजवलं. खणखणीत वाजलं. त्या बाईला बरं वाटलं, मला रडू आलं, आणि तिनं तांब्या पुढं केला. मशीन पुढच्या आठवड्यात येईल. विभूती मी मशीनच्या खालच्या पायावर ओढीन, चाकाला लावणार नाही.

हा कागद कुठं पाठवणार? हातोडीच्या खणात ठेवते. अजून एक सांगायचं राहिलं. तुम्हाला भाकरी मोडता येत नव्हती, ती आमटीत कुस्करून द्यायला लागायची. मी एकदाही दिली नाही, दर वेळी आईला हाक मारायची. हात बघवत नाही, असं मी आईला सांगायची. ते खरं नव्हतं. जवळ बसले तर तुम्ही त्या रेघेचं विचाराल, याचीच मला भीती वाटायची.