फाटकावरचं लाल फडकं

सिंदी मेघे, वर्धा
२ डिसेंबर

प्रिय निकेशदादा,

साष्टांग वगैरे राहू दे, तू काही एवढा मोठा नाहीस. इकडे सगळं ठीक. मेथी जोरात आहे. वांग्यांना भाव नाही म्हणून आई रोज ती आम्हालाच खाऊ घालते. चाकणला थंडी पडली का? तुझा स्वेटर इथेच राहिला, त्यावर मांजर झोपते.

तू फोनवर विचारलंस, एम.टेक.चा ट्रान्सफॉर्मरचा चांगला विषय सोडून कुंपणाच्या मागे काऊन लागली? सांगते. आधी गंमत ऐक.

कुंपणाला झटका देणाऱ्या मशीनचं मानक, म्हणजे ती कशी असावी याचे ठरलेले नियम, शोधायला बसले, तर पहिल्यांदा उघडलं परदेशी संस्थेचं पान. किंमत बघून सोनाराच्या दुकानातून निघावं तशी गुपचूप बाहेर आले. माझ्या गाईड रीता मॅडम हसल्या. "अवं, काखेत कळसा आन् गावाले वळसा! आपल्या देशाचं मानक फुकट भेटते. नाव नोंदव आन् उतरवून घे." खरंच मिळालं. मग चटकच लागली. विद्यापीठांचे प्रबंध, सरकारी अहवाल, कितीतरी गोष्टी फुकट पडून आहेत. कुणी शोधत नाही एवढंच.

अपघातांचे अहवाल वाचताना मात्र गंमत संपली. पुन्हापुन्हा तेच. डुकरांसाठी तारेत थेट लाइन सोडली आणि सापडलं घरचंच माणूस. मानकातली मशीन क्षणभर झटका देते आणि सोडते, जनावर पळून जातं. थेट लाइन धरूनच ठेवते. तू आयटीआय केलेला वायरमन, तुला मी काय शिकवणार!

आता खरं कारण. आपल्या शेताभोवती तू बसवलेली तीच थेट लाइनची तार चालू असली की फाटकावर लाल फडकं टांगायचं, ही तूच घालून दिलेली रीत. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बाबांनी तार जोडली आणि फडकं टांगायचं विसरले. सकाळी फाटक मोकळं दिसलं म्हणून आई मेथीत शिरली. पाय घसरला तशी तिनं दोन्ही हातांनी तार धरली. लाइन गेलेली होती. ती जुड्या घेऊन बाहेर आली आणि विहिरीवरचा बल्ब पेटला, लाइन परत आली.

मी फाटकाशीच उभी होते, दादा. फार भ्याले. अजून भिते.

आई म्हणते, "लाइन नव्हती नं? मंग काय झालं? निकेशले सांगू नको, जीवाले लावून घेते तो." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आता दोन फडकी टांगतात. पण तार काढा म्हटलं की, "निकेशनं बसवली, तो काय येडा हाय? त्यानं म्हटलं तं काढतो." माझ्या एम.टेक.ची घरात ही किंमत!

म्हणून आईचा शब्द मोडतेय. तुला दोष देत नाही. डुकरांनी वाफे उपटले तेव्हा दुसरं काय सुचणार होतं? मानकाची पानं छापून सोबत पाठवतेय, कारण मोबाइलवर तू ती वाचणार नाहीस. वाच आणि त्याच दिवशी बाबांना फोन कर.

तोवर रोज पहाटे मी आधी शेतात जाते, स्वतः लाइन बंद करते आणि मगच आईला हाक मारते.

हाकेला अजून ओ मिळणारी,
तुझी हर्षा