बायकोची गाडी, माझा सुपरचार्जर

४ मार्च, मंगळवार

वहीची माफी मागतो. मागची नोंद गेल्या एप्रिलमधली आहे आणि तीत ‘आजपासून रोज लिहिणार’ असं लिहिलंय. पुढे नुसती कोरी पानं. ती फाडून टाकायचा मोह झाला, पण ते अप्रामाणिक झालं असतं.

आज लिहितोय कारण मनाला टोचणी आहे. बायको शनिवारी तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. जाताना तिच्या गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. लाल, दोन सीटची, छोटी स्पोर्ट्‌स कार. स्वतःच्या कमाईतून घेतलेली. दर दोन दिवसांनी सुरू करत जा, बाकी काही करू नकोस, म्हणाली. गाडी घेतली त्या दिवशी असंही म्हणाली होती की आयुष्यात ही एकच गोष्ट अशी आहे, जिच्याबद्दल मला कुणाचं मत नकोय.

काल कुरियरने सुपरचार्जर आला. मागवला होता जानेवारीत. म्हणजे तिचं ट्रेनिंग ठरायच्या आधी. ही गोष्ट माझ्या बाजूची की विरुद्ध, यावर विचार चालू आहे.

६ मार्च, गुरुवार

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं यंत्र; जास्तीची हवा आत कोंबतं. त्या हवेबरोबर जास्तीचं पेट्रोल गेलं की ताकद वाढते. सासूबाई निवृत्त मेट्रन आहेत, चौतीस वर्षं इस्पितळात काढली. शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पेशंटची तक्रार काय होती.

तक्रार काहीच नव्हती.

मग विचारलं, तिला सांगितलंत का. मी म्हणालो, सरप्राइज आहे. हा शब्द मला त्याच क्षणी सुचला. त्याआधी मी स्वतःला काय सांगत होतो, ते आठवत नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन. गाडी कशी आहे? मी म्हणालो, गॅरेजमध्ये आहे. खरंच होतं. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. बॉनेट काढून भिंतीला टेकवलंय, हे तिने विचारलं नाही.

निश्चय: उद्या सांगणे.

८ मार्च, शनिवार

काल सांगितलं नाही. तिला सर्दी झाली होती.

आज सुपरचार्जरचा ब्रॅकेट बसेना. बॅटरीच्या ट्रेची कड आड येत होती. ती ग्राइंडरने कापली, दोन इंच. आतापर्यंतचं सगळं उलट करता येण्यासारखं होतं. हे नाही. कापलेला तुकडा डबीत जपून ठेवलाय. का, ते माहीत नाही.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ग्राइंडरच्या आवाजाने आला. म्हणाला, बसवाल तुम्ही कसंही, पण ट्यूनिंगला माझ्याकडे आणा. रोलरवर चढवू, कॉम्प्युटर लावू, दोन तासांचं काम. मी म्हणालो, मोजमाप हाच माझा व्यवसाय आहे. बावीस वर्षं मी दुकानांचे वजनकाटे तपासतोय. तो म्हणाला, “मग उद्यापासून साहेब, काटे मी तपासतो.”

त्याच्याकडे न्यायला हरकत नव्हती. पण बायकोच्या गाडीची सर्व्हिसिंगही तोच करतो. तो तिला सांगेल. तिला माझ्याकडूनच कळायला हवं, या मताचा मी आहे.

१२ मार्च, बुधवार

रजा टाकली. कारण ‘घरगुती’. गॅरेज घरातच आहे.

बेल्ट किंचाळत होता. पुली, म्हणजे बेल्टची चकती, दोन मिलिमीटर बाहेर होती. सकाळभर ती सरळ केली. पेट्रोल फवारणारे नवे, मोठे इंजेक्टर बसवले. दुपारी इंजिन सुरू झालं. बारीक शिट्टीसारखा आवाज. डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी दारातून पाहिलं आणि पेट्रोलच्या वासाने असेल, म्हणाल्या.

बायकोचा फोन. गाडी सुरू करतोस ना? करतो, म्हणालो. आजच केली. आवाज कसा आहे? उत्तम.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मग जेवण का गेलं नाही?

निश्चय: ट्यूनिंग पूर्ण झालं की सांगणे. अर्धवट काम सांगून तिला काळजीत टाकणं बरोबर नाही.

१५ मार्च, शनिवार

ट्यूनिंगचं तत्त्व सोपं आहे. एक भाग पेट्रोलमागे किती भाग हवा जळतेय, हे मीटर दाखवतं. पाय पूर्ण दाबल्यावर आकडा साडेअकरा ते बारा असावा. तेराच्या वर गेला तर इंजिन आतून भाजतं. आकडा बघायचा, घरी येऊन लॅपटॉपवर पेट्रोल वाढवायचं, परत बघायचं.

अडचण एकच. चालवता चालवता मीटरकडे बघणं धोक्याचं. म्हणून सासूबाईंना शेजारी बसवलं. मीटर त्यांच्या मांडीवर. मी ‘आता’ म्हटलं की त्यांनी आकडा सांगायचा. नेहमीप्रमाणे व्यवस्थित केस बांधून, चष्मा पुसून बसल्या.

विमानतळामागच्या मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला. आता! “तेरा पॉइंट सहा.”

पुढचं नीट आठवत नाही. गाडी कडेला होती आणि सासूबाई माझी नाडी बघत होत्या. पाणी पाजलं. मला डोळ्यांपुढे फक्त वितळणारं इंजिन आणि बायकोचा चेहरा दिसत होता.

घरी येऊन पेट्रोल थोडंसं वाढवलं. अति नको. दुपारी परत फेरी. आता! सासूबाई म्हणाल्या, छान आहे. मी आकडा विचारला. बारा, म्हणाल्या.

एका दुरुस्तीत बारा. मी स्वतःला इतका हुशार कधीच समजलो नव्हतो.

१६ मार्च, रविवार

सहा फेऱ्या. बारा, बारा, बारा, बारा, बारा, बारा.

उत्साहात छोटी पुली बसवली. त्यामुळे हवा आणखी जोरात कोंबली जाते. तरी बारा! पेट्रोलला हातही न लावता! मनात क्षणभर आलं, की दर वेळी नेमका एकच आकडा कसा. कामावर एखाद्या दुकानदाराने असा काटा दाखवला असता तर मी सील ठोकलं असतं. पण आपल्याला यश मिळालं की लगेच शंका घ्यायची, ही माझी जुनी खोड आहे. ती सोडायची.

बायकोचा फोन वाजला तेव्हा हात तेलकट होते. म्हणून उचलला नाही. नंतर हात धुतले. मग उशीर झाला होता.

१८ मार्च, मंगळवार

पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. सासूबाई म्हणाल्या, काहीतरी वाजतंय हो. मी सांगितलं की नवे भाग एकमेकांत मुरायला वेळ लागतो. आकडा विचारला. मान हलवून म्हणाल्या, “बाराच.”

रविवारी बायको येणार. सांगायचं वाक्य तयार करतोय. ‘तुझ्या गाडीला मी एक छोटीशी भेट दिली आहे.’ ‘छोटीशी’ खोडलं. परत लिहिलं.

२० मार्च, गुरुवार

ठप्प असा आवाज आला आणि आरशात निळा धूर. मागचा रस्ता दिसेना.

सासूबाई स्टिअरिंगवर, मी ढकलायला. घर दोन चौक लांब होतं. वाटेत तीन ओळखीचे भेटले. तिघांनीही मदत केली नाही, सल्ला दिला.

प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडून पाहिलं. तिसऱ्या पिस्टनला आरपार भोक. बोटाचं पेर जाईल एवढं.

बायकोने फोनवर विचारलं, गाडी कशी आहे. गॅरेजमध्ये आहे, म्हणालो.

२१ मार्च, शुक्रवार

सासूबाई सकाळी स्वतःहून गॅरेजमध्ये आल्या. स्टुलावर बसल्या.

“तो आकडा बारा नव्हता,” म्हणाल्या. “पहिल्या दिवशी तेरा-साडेतेरा. ती छोटी चकती लावल्यावर चौदाच्या पुढे.”

मी विचारलं, मग बारा का सांगितलंत?

“पहिल्यांदा खरं सांगितलं तर पांढरेफटक पडलात. नाडी एकशे तीस. गाडी चालवणाऱ्या माणसाला मी परत तेच सांगणार होते होय? वॉर्डात पेशंटने ताप विचारला की थोडासाच आहे म्हणायचं. खरा आकडा कागदावर लिहायचा, डॉक्टरांसाठी.”

“कागद कुठे होता, आई?”

“तुम्ही दिलाच नाहीत.”

लाज वाटते लिहायला, पण इथे नाही लिहायचं तर कुठे. त्या आत गेल्यावर मला हलकं वाटलं. खूप हलकं. म्हणजे चूक माझी नव्हती. मी दुपारी दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. त्या जेवल्या नाहीत.

२२ मार्च, शनिवार

वाक्य तयार आहे: ‘आईंनी मीटरचे आकडे चुकीचे सांगितले, त्यामुळे इंजिन गेलं.’ शब्दन् शब्द खरा. पाच वेळा तपासला. पाचही वेळा खरा निघाला, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त घाणेरडा वाटला.

निश्चय: हे वाक्य बोलायचं नाही. काहीही झालं तरी.

२३ मार्च, रविवार

बोललो.

बायको दुपारी आली. बॅग ठेवली, किल्ली मागितली. मी गॅरेजच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. सुरुवात कशी केली आठवत नाही, पण ते वाक्य स्पष्ट आणि खणखणीत आलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हो गं, चूक माझीच. मला नीट वाचता आलं नाही.”

चौतीस वर्षं थर्मामीटर वाचलेली बाई.

बायकोने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “तिला त्या सीटवर कोणी बसवलं?”

मी म्हणालो, मी. पहिल्यांदाच असं उत्तर, ज्याला दुसरा अर्थ नव्हता.

मग ती गाडीत जाऊन बसली. बॉनेट नाही, इंजिन मेलेलं, आणि ही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत. मी बाहेरून म्हणालो की नवा पिस्टन मागवतो, दोन आठवड्यांत मीच सगळं पूर्ववत करतो, या वेळी कागदावर सगळं लिहून. तिने काच वर केली. बॅटरी मात्र उत्तम चालू आहे.

सासूबाईंची माफी मागितली. ठीक आहे हो, म्हणाल्या. हे ‘ठीक’ खरं किती धरायचं, कळत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

गॅरेजवाल्याचा टो-ट्रक उद्या सकाळी मोकळा आहे. मी फोन करून वेळ पक्की करून टाकणार होतो. नंबरही लावला. मग ठेवला.

उद्या: टो-ट्रक बोलावू का, हे तिला विचारणे.