बोंबलांची जोडी आणि दोन चौकटी

प्रति,
मा. निवड अधिकारी,
खाडीकाठ डिजिटल कला प्रदर्शन समिती,
भाईंदर (पश्चिम).

विषय : 'वलांडी' हा मोबाइलवरील खेळ एकदा खेळ म्हणून व एकदा कथा म्हणून, असा दोन वेळा नापास झाल्याबाबत फेरविचाराची विनंती.

संदर्भ : आपली एकाच दिवशी, एकाच पत्त्यावर आलेली दोन पत्रे, दि. २८ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

अर्जदार धनेश काशीनाथ तांडेल, मूळ राहणार तारोडी, सध्या भाईंदर (पूर्व), हा मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. पत्नी सौ. संचिता शाळेत मराठी शिकवते. दोघांनी दीड वर्ष खपून सदर खेळ तयार केला आहे. अर्जात 'मी' लिहिल्यास तो नेमका कोण, यावरून घरात नव्याने वाद होण्याचा संभव असल्याने सर्वत्र 'अर्जदार' असे लिहिले आहे, याची नोंद घ्यावी.

१. बोंबील वाळवण्यासाठी किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणतात, त्या मांडणीला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, अशी पद्धत आहे. खेळातही तेच करायचे आहे. डाव्या अंगठ्याने एक, उजव्या अंगठ्याने दुसरा. एक जोडी टांगली की अर्जदाराची आत्या श्रीमती कृष्णाबाई हिच्या आवाजात तिच्या गोष्टीचे एक वाक्य ऐकू येते. हात थांबला की आत्या थांबते. एकशे चाळीस जोड्यांना गोष्ट पुरी होते.

२. ही युक्ती दोघांपैकी कोणाचीही नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे. सुरुवातीला आत्याला भाईंदरच्या घरी आणून, पंखा बंद करून, माइकपुढे बसवले होते. ती पाऊण तास भिंतीकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, "हात रिकामा हाय, तर तोंड कसा चालंल?" तिला परत तारोडीस नेऊन बोंबलांच्या पाटीपुढे बसवताच ती जी सुरू झाली, ती पाटी संपेपर्यंत थांबली नाही.

३. गोष्ट थोडक्यात अशी : लग्नाच्या तिसऱ्या दिवशी आत्याचा नवरा रुसून डबा न घेताच समुद्रावर गेला. सतरा वर्षांच्या आत्याने शेजाऱ्याची होडी न विचारता काढली आणि एका हाताने डबा सावरत त्याच्या मागे निघाली. किनाऱ्यावर सगळा गाव जमला. पुढचे लिहिता येत नाही, त्याचे कारण परिच्छेद ७ मध्ये दिले आहे.

४. आता मूळ तक्रार. आपल्या प्रवेशिकेवर 'खेळ' आणि 'कथा' अशा दोन चौकटी आहेत व दोन्हींत खूण केल्यास प्रवेशिका बाद, असा नियम आहे. अर्जदाराचे म्हणणे, हाताला चाळा नसेल तर लोक ती गोष्ट यूट्यूबवर ऐकतील, मग खेळ कशाला केला? पत्नीचे म्हणणे, गोष्ट नसेल तर बोंबील टांगायला मजूर लावावेत, त्यात कला कसली? ही चर्चा चार दिवस चालली. पाचव्या दिवशी अर्जदाराने पत्नीस न सांगता 'खेळ' या चौकटीत खूण करून प्रवेशिका भरली. त्याच दुपारी पत्नीने अर्जदारास न सांगता 'कथा' या चौकटीत खूण करून दुसरी भरली. आपली दोन्ही पत्रे पोस्टमनने एकदमच हातात दिल्याने काहीच लपवता आले नाही.

५. पत्रांतील शेरे मुळाबरहुकूम देत आहे. कथा विभागाचे परीक्षक लिहितात, "कथा अपूर्ण. बाई मध्येच गप्प बसतात." गृहस्थांनी तीन जोड्या टांगल्या आणि गोष्ट नीट ऐकावी म्हणून मोबाइल आदराने टेबलावर ठेवून हाताची घडी घातली, असे चौकशीअंती समजते. खेळ विभागाचे परीक्षक लिहितात, "४१२ जोड्या टांगल्या. मजा आली. हेतू कळला नाही." त्यांनी आवाज बंद ठेवला होता. म्हणजे महोदय, एकाने ऐकण्यासाठी हात थांबवले आणि दुसऱ्याने हात चालवण्यासाठी कान मिटले, आणि आत्याच्या नवऱ्याने डबा खाल्ला की नाही, हे आपल्या संपूर्ण समितीत आजमितीस कोणालाही माहीत नाही. अर्जदारास याचे फार वाईट वाटते.

६. पत्रे आली त्या दिवसापासून घरात बोलणे बंद झाले. (डबा मात्र रोज मिळत होता, ही दुरुस्ती पत्नीच्या अक्षरातील असून ती खरी आहे.) रविवारी, ७ डिसेंबरला, पुराव्यासाठी चित्रफीत काढायला दोघे तारोडीस गेले, रिक्षात दोन टोकांना बसून. आत्याने काही विचारले नाही. दोघांच्या हातात एकेक ओला बोंबील दिला आणि दोरीकडे बोट केले. अर्जदाराने आपला टांगून पाहिला, तो वाळूत पडला. पत्नीचाही पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर आत्या इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. तेव्हा पत्नी नऊ दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तुझा दे इकडे." तिने जबड्यात जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. ती राहिली. पुढे पाटी संपेपर्यंत दोघांची तोंडे चालू होती. अर्जदार त्या दिवशी फार आनंदात घरी आला, हे कार्यालयीन पत्रात बसत नसले तरी राहू द्यावे.

७. सबब विनंती की, दोन्ही परीक्षकांना एकाच बाकावर बसवून, एकच मोबाइल देऊन, आवाज सुरू ठेवून, डावा अंगठा एकाचा व उजवा दुसऱ्याचा अशा रीतीने एकशे चाळीस जोड्या टांगू द्याव्यात. वीस मिनिटे लागतात. गोष्टीचा शेवट या अर्जात लिहिला असता तर काम सोपे झाले असते, परंतु वाचून कळलेला शेवट नुसती बातमी होईल. अर्जदार आणि पत्नी यांचे दीड वर्षात एकमत झालेला हा एकमेव मुद्दा आहे.

८. निकड अशी की, रविवार दि. १४ रोजी प्रदर्शनात आपला आवाज ऐकू येणार, असे आत्याने सगळ्या तारोडीत सांगून ठेवले आहे. चौदा बायकांसाठी टेम्पो ठरला आहे. खेळास जागा न मिळाल्यास आत्याला ते सांगण्याचे धैर्य अर्जदारात नाही, पत्नीतही नाही. ते काम समितीने एखाद्या जबाबदार अधिकाऱ्यास दारात उभे करून करावे. आत्या पाटी घेऊनच येणार आहे.

दोरीच्या दोन्ही बाजूंनी, आपले नम्र,

धनेश काशीनाथ तांडेल
संचिता धनेश तांडेल

भाईंदर (पूर्व), दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत :
१) दोन्ही पत्रांच्या प्रती, एकाच टाचणीत.
२) तारोडी येथील चित्रफीत (आत्याचे हसणे वगळलेले नाही).
३) नवीन प्रवेशिका, दोन्ही चौकटींत खूण केलेली.
४) सुक्या बोंबलांची जोडी, एक. तपासणीसाठी सोडवू नये.